खुन्याचे डोळे

माझ्या आतेभावाने रोह्यात एक भुताचा सिनेमा काढला होता आणि त्यातल्या भुताचं तोंड मी केलं होतं. हे मी कोणालाही बिनदिक्कत सांगते. सिनेमा टुकार होता. तोंड चांगलं झालं होतं.

आतेभावाचं रोह्यात लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नव्वदनंतर आमच्या भागात कॅमेऱ्याशिवाय लग्न लागेनासं झालं, तेव्हा त्याने एक जुना कॅमेरा घेतला आणि रोहा, नागोठणे, पेण असं सगळीकडे फिरून हळदी आणि पाठवण्या टिपल्या. पण चातुर्मासात मुहूर्त नसतात. कॅमेरा घरी बसून राहतो आणि माणूसही. अशाच एका रिकाम्या भाद्रपदात त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. 'खुनी मीटर' हे नावही त्यानेच ठेवलं. गोष्ट अशी, की एक खुनी वायरमन पोलिसांना चुकवून विजेच्या खांबावर चढतो, तारेला चिकटून मरतो आणि त्याचा आत्मा तारेत शिरतो. मग ज्या घरात मीटर त्या घरात तो. मिक्सरमध्ये, फ्रिजमध्ये, टीव्हीत, इस्त्रीत. म्हणजे बिल भरणारे मरणार आणि आकडा टाकून वीज चोरणारे सुखरूप राहणार. हे मी त्याला दाखवून दिलं तेव्हा तो म्हणाला, "पब्लिक एवढा विचार नाय करत."

जिवंतपणीचा खुनी तो स्वतःच करणार होता. मेल्यानंतरच्या खुन्यासाठी त्याला मुंडकी हवी होती. टीव्हीत मावेल असं मोठं, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बसेल असं मधलं आणि मिक्सरच्या भांड्यात ठेवायला लिंबाएवढं. ती मागायला तो पेणला आमच्या कारखान्यात आला. पेणमध्ये कारखाना म्हटलं की गणपतीचाच. बाबांचं आयुष्य त्यात गेलं होतं. गणपती नुकतेच बोळवून झाले होते, साचे धुऊन पालथे घातले होते आणि बाबा ओट्यावर पाय पसरून पेपर वाचत होते.

"मामा, तीनच मुंडकी हायत," आतेभाऊ म्हणाला. "तुमच्या डाव्या हातचा मळ."

"आमच्याकडे देव होतात," बाबा म्हणाले.

"सीझन संपलाय. हात रिकामेच हायत ना?"

"रिकामे राहू देत."

मी आतून ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "मी करते."

असं का म्हणाले ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी तेव्हा विशीत होते. कारखान्यात मी साचे भरायचे, वाळलेल्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायचे, अंगाचा रंग द्यायचे, पितांबर रंगवायचे, मुकुटाला सोनेरी लावायचे. पण डोळ्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती. डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. सगळी मूर्ती रंगवून झाली तरी ती नुसती माती असते, आखणी झाली की देव होतो, आणि आखणी करणाऱ्याच्या हातावर कारखान्याचं नाव चालतं. आमच्याकडे आखणी फक्त बाबा करायचे. "बायकांच्या हातून नाय चालत," एवढंच त्यांचं कारण. महिन्यातले चार दिवस मी कारखान्यात पाऊल टाकायचं नाही हे एक वेळ मी ऐकून घेतलं होतं. पण उरलेल्या दिवसांत माझ्या हाताला काय झालेलं असायचं, ते मला कोणी कधी सांगितलं नाही. लहानपणापासून मी बाबांच्या पाटाशेजारी बसून त्यांच्या ब्रशाचं टोक पाहत होते. वरच्या पापणीची रेघ ते श्वास रोखून कशी ओढतात, बुबुळ पापणीखाली किंचित कसं सरकवतात, शेवटी चमकेचा पांढरा ठिपका कसा टेकवतात, हे सगळं मला पाठ होतं. रंगकाम करता करता माझं बोट हवेत त्याच रेघा ओढायचं. मला डोळे काढायचे होते. दुसरं काहीही नको होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि म्हणाले, "कर. पण पडवीत कर, कारखान्यात नको. आणि माझ्या ब्रशांना हात लावायचा नाय."

देवाचे डोळे मला बंद होते, खुन्याचे खुले झाले. राग आला होता, पण ही संधी मी सोडणार नव्हते.

मुंडकी मी कागदाच्या लगद्याची केली, वजनाला हलकी म्हणून. गाल बसलेले, ओठ फाटलेले, दात वेडेवाकडे, कपाळाला शॉक लागल्याची काळी चीर. रंग हिरवट दिला. शिमग्यातलं सोंगसुद्धा त्याच्यापुढे देखणं वाटलं असतं. मग बाजारातून स्वतःच्या खर्चाने झिरो नंबरचा नवा ब्रश आणला आणि पडवीचं दार लावून डोळे काढायला बसले. पहिल्याच रेघेला हात असा चालला की मला वाटलं हा माझा नाहीच. तिन्ही मुंडक्यांचे डोळे काढून झाले तेव्हा मी घामाने भिजले होते आणि मला हसू येत होतं. भयानक झाली, असं मी स्वतःला म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटलं.

दसरा झाल्यावर मुंडकी एका करंडीत घालून, वर जुनं लुगडं झाकून, मी सकाळच्या गाडीने रोह्याला निघाले. कासूला एक म्हातारी चढली आणि माझ्यासमोर बसली. तिने जरा वेळ करंडीकडे पाहिलं आणि लुगड्याचा कोपरा उचलला.

"देव हाय काय गो?"

"नाय आजी. खुनी हाय."

तिने पुन्हा एकदा निरखून पाहिलं. "असंल," ती म्हणाली, "पन चांगला हाय." आणि लुगडं नीट झाकून तिने करंडी सावलीत सरकवली. मला ती म्हातारी अर्धवट वाटली.

शूटिंग आत्याच्या घरीच होतं. आतेभावाचे वडील धाटावच्या कंपनीत होते. ते पहिल्या शिफ्टला गेले की साडेतीन-चारपर्यंत घर आमचं. खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही दिवसाची रात्र केली. आत्याच्या घरात फ्रिज, मिक्सर, रंगीत टीव्ही असं सगळं होतं आणि सगळं दर्शनी खोलीतच होतं, अगदी मिक्सरसुद्धा. फ्रिजवर विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. अडचण एवढीच होती की दसऱ्याला आत्याने सगळ्या वस्तूंची पूजा केली होती. फ्रिजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक, मिक्सरला हळदीकुंकू, टीव्हीच्या अँटेनाला झेंडूची माळ.

"आई, हे पुसावं लागंल," आतेभाऊ म्हणाला. "पूजा केलेल्या मिक्सरमधून भूत कसं येईल?"

"भुताला येयाचं असंल तर येऊ दे. नायतर शेजारणीच्या मिक्सरमधून आण."

शेजारणीकडे पाटा होता. शेवटी त्याने कॅमेरा असा तिरपा धरला की स्वस्तिक दिसू नये, आणि त्यामुळे सगळा सिनेमा तिरपा झाला. पुढे लोकांना वाटलं, भुतामुळे घर कलंडलंय. ती एकच गोष्ट त्या सिनेमात खरोखर भीतिदायक होती.

मरणारी नवी नवरी होती आत्या. रोह्यात कुठल्याच घरची मुलगी मिक्सरच्या हातून मरायला तयार होईना, तेव्हा पन्नाशीला आलेली आत्या स्वतःच्या लग्नातला शालू नेसून उभी राहिली. पहिला शॉट फ्रिजचा होता. तिने दार उघडायचं, बर्फाच्या कप्प्यात खुनी दिसायचा आणि तिने किंचाळायचं. दार उघडलं. आत्याने आत पाहिलं आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"कट," आतेभाऊ म्हणाला. "आई, तुला तो मारायला आलाय."

"म्हाइत हाय. चुकून झालं."

दुसऱ्यांदा दार उघडलं, पुन्हा हात जोडले गेले. तिसऱ्यांदा तिने हात पदरात गुंडाळून घेतले, तर मान वाकली. आतेभाऊ कपाळाला हात लावून बसला. आत्या फ्रिजसमोर उभी राहून त्या मुंडक्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे डोळे माझ्या भावाचे हायत."

मी जवळ जाऊन पाहिलं. हिरवं तोंड, फाटलेले ओठ, वेडेवाकडे दात, आणि त्या सगळ्यात दोन डोळे असे शांत, असे प्रेमळ, की हे मुंडकं आता कुशल विचारेल असं वाटावं. तिन्ही मुंडक्यांचं तसंच. लिंबाएवढ्या मुंडक्याचेही डोळे मिक्सरच्या भांड्यातून आशीर्वाद देत होते. मला दुसरे डोळे येतच नव्हते. जन्मभर एकच नजर पाहून शिकले होते, हात तीच काढत होता. आत्या पेणची लेक, तिचा हात जोडला जाणारच होता.

"बदल ते," आतेभाऊ माझ्यावर ओरडला. "हा खुनी आहे की नवसाला पावणारा?"

मी ब्रश काढला. भुवया उभ्या केल्या, कडांना लाल शिरा काढल्या, डोळ्यांखाली काळं केलं. खुनी आता जागरण झालेला देव दिसायला लागला. आतेभाऊ म्हणाला, डोळेच पुसून टाक आणि नुसती पांढरी भोकं ठेव. त्याने ओल्या फडक्यासाठी हात पुढे केला. मी मुंडकं छातीशी धरलं.

"डोळ्यांना हात लावलास तर तिन्ही घेऊन चालती होईन."

"अगं, तुला काय एवढं पडलंय? भुताचे तर हायत."

"माझे हायत," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी काढलं होतं आणि ते बाबांच्या तोडीचं होतं. ते कोणाच्या तोंडावर बसलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात कंपनीची बस यायची वेळ जवळ आली म्हणून आतेभावाने हार मानली. आत्याचा नमस्कारही तसाच ठेवला आणि मागून आवाज भरला, "मला सोड, मी तुझ्या पाया पडते." शॉट बसला. त्या दिवशी मिक्सरने आत्याला मारलं, इस्त्रीने आत्याच्या दिराला मारलं आणि साडेतीनला खिडक्यांवरच्या घोंगड्या उतरल्या. आतोबा घरी आले तेव्हा आत्या शालूवरच चहा टाकत होती.

सिनेमा पेणच्या केबलवाल्याने एका रविवारी दुपारी लावला. आमच्या घरी टीव्ही होता, पण मी शेजारी जाऊन बसले, बाबांसमोर पाहायची हिंमत नव्हती असं नाही, मला गर्दीत पाहायचं होतं. शेजारच्या खोलीत निम्मी आळी जमली होती. फ्रिज उघडला, खुन्याचं तोंड टीव्हीभर आलं. कोणी किंचाळलं नाही. एक कारागीर, जो बाबांबरोबरच वाढला होता, सरळ बाबांचं नाव घेऊन म्हणाला, "आखणी त्याची हाय ही."

पेणमध्ये हे असंच आहे. बाहेरच्या माणसाला सगळे गणपती सारखे दिसतात. आमच्या आळीत मात्र डोळे पाहून सांगतात, कोणाच्या कारखान्यातला. सही करायची गरज पडत नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाने ती आखणी ओळखली आणि एकाच्याही मनात माझं नाव आलं नाही. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, आधी आनंदच झाला. सगळं पेण म्हणत होतं की हे बाबांचे डोळे आहेत, म्हणजे माझ्या हाताला ते साधलं होतं. राग दुसऱ्या दिवशी आला, जेव्हा बाजारात लोक बाबांना हटकायला लागले. आता देव सोडून खुनी करता का? ज्या हाताने बाप्पाचे डोळे, त्याच हाताने ही थेरं? बाबा मान खाली घालून चालू लागायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. मी म्हणाले, "लोकांना खरं सांगा ना." ते म्हणाले, "तू गप बस."

पौषात मुंबईचे एक बडे व्यापारी नवे नमुने पाहायला आले. आमचा सगळ्यात जास्त माल तेच उचलायचे. कारखान्यात ओळीने नमुने मांडले होते, रंग पूर्ण झालेले, आखणी बाकी. आळीतली दोन-चार जुनी मंडळीही येऊन बसली होती. मी चहा घेऊन आले. व्यापाऱ्यांनी बशी उचलली आणि म्हणाले, "ऐकलं ते खरं का? ते सिनेमातलं भूत तुमच्या हातचं?"

बाबांनी ओळीतला एक नमुना उगाच सरळ केला. मग म्हणाले, "माझ्याच हातचं. भाच्याने गळ घातली. चूक झाली."

मी ट्रे हातात धरून उभी होते. त्यांचा हिशेब मला तिथल्या तिथे कळला. म्हाताऱ्या माणसाची चूक लोक पोटात घालतील. पण पोरगी आखणी करते हे कळलं तर माल कोणी उचलणार नाही. बाबा कारखाना वाचवत होते, आणि त्यांना वाटत होतं की मलाही वाचवतायत. जमलेली माणसं त्यांच्याकडे आदराने पाहत होती, चूक कबूल करणारा मोठा माणूस म्हणून. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. जे एकमेव काम मी केलं होतं ते माझ्या बापाने माझ्यासमोर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं, आणि वर त्याला चूक म्हटलं होतं.

"त्यांचे नाहीत," मी म्हणाले. "मी काढलेत."

व्यापारी हसले. "पोरी, बापाला वाचवायला निघालीस. चांगलं आहे. पण हे तुझं काम नाही, बघणाऱ्याला कळतं."

"आत जा," बाबा म्हणाले.

मी आत गेले नाही. ट्रे खाली ठेवला आणि बाबांच्या पाटावर बसले. त्यांचा ब्रश उचलला, काळ्या रंगात टोक बुडवलं आणि सगळ्यात पुढची मूर्ती मांडीजवळ ओढली. कोणीतरी "अगो, अगो" म्हणालं. बाबा अर्धवट उठले. मी श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली. मग खालची. मग बुबुळ, पापणीखाली किंचित सरकवलेलं. मग पांढरा ठिपका. एक डोळा पूर्ण झाला तेव्हा मी ब्रश खाली ठेवला आणि मूर्ती त्यांच्याकडे वळवली.

व्यापाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका डोळ्याने तो देव सगळ्यांकडे पाहत होता.

आखणीचा एक नियम आमच्या धंद्यात सगळे पाळतात. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताचे, एकाच बैठकीत. दुसऱ्याने दुसरा काढला तर नजर फुटते, आणि एका डोळ्याची मूर्ती तशीच ठेवली तर तो अपशकुन. हे मला ठाऊक होतं म्हणूनच मी एकावर थांबले होते. आता बाबांनी एक तर ती मूर्ती सगळ्यांसमोर फोडायची होती, नाहीतर मला काढू द्यायचं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर हटवली नाही. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. मला दया आली, पण तरी मी हलले नाही.

मग बाबांनी खाली ठेवलेला ब्रश उचलला, टोक ओठांनी सरळ केलं आणि माझ्यापुढे धरला.

"काडलास ना एक," ते म्हणाले. "आता पुरा कर."

मी दुसरा डोळा काढला. व्यापारी चहा अर्धा टाकून उठले. जाताना बाबांना म्हणाले की विचार करून कळवतो. त्यांनी कळवलं, या वर्षी निम्माच माल घेऊ. घरी आई माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही आणि बाबांनी आखणीचा पाट उचलून खिडकीजवळ ठेवला, जिथे उजेड चांगला होता. तो कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मी जाऊन बसले. सगळा सीझन मी तिथून उठले नाही, महिन्यातल्या त्या चार दिवसांतही नाही, आणि बाबा माझ्याकडे पाठ करून सोंडा रंगवत राहिले.

श्रावणाच्या तोंडाला व्यापाऱ्यांचा टेंपो दारात लागला. माणसं मूर्ती उचलायला वाकली तशी बाबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि व्यापाऱ्यांकडे वळले.

"भरायच्या आधी सांगतो," ते म्हणाले. "यातला एकही डोळा माझा नाय. सगळे हिचे हायत. पटत असंल तर भरा, नायतर टेंपो रिकामा न्या."

व्यापाऱ्यांनी पहिल्या मूर्तीवरचा कागद उचलून पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी पाटावर बसून होते. मी उठले नाही आणि हातही जोडले नाहीत.

"भरा," ते आपल्या माणसांना म्हणाले.